शेडच्या खांबांचा रिव्ह्यू: पोस्ट घेताना वरचे दहा फूट नाही, मातीजवळचा एक फूट बघा

शेडचं सरकतं दार खाली घासायला लागलं तेव्हा मला वाटलं रूळ वाकलाय. दोन रविवार मी त्या रुळाशीच झटापट करत बसलो, ग्रीस लावलं, चाकं बदलली, शेवटी मेव्हणा आला, लांबून एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, "दाजी, दार सरळ आहे हो. खांब बसलाय खाली." मग त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, खांबाच्या बुडाशी चार बोटं माती उकरली आणि टोचला. मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला तपकिरी भुगा आणि वास कुजक्या पाल्याचा. आणि हाच खांब छातीच्या उंचीला ठोकून बघाल तर टणटण वाजतोय, वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तसला प्रकार.

नऊ वर्षं झाली होती फक्त. "तीस-चाळीस वर्षं बघायला नको" असं सांगून विकलेला माल होता तो. त्यानंतर मी त्या शेडचे कुजलेले खांब बदलले, शेजारी दुसरी शेड नव्याने उभी केली, आणि मेव्हण्याच्या जनावरांच्या गोठ्याला मदत केली, त्यामुळे या सगळ्यात अखंड लाकडाचे, लॅमिनेटेड, कॉंक्रीटच्या पायाचे आणि ब्रॅकेटवर बसवलेले अशा चारही प्रकारच्या पोस्ट हातून गेल्या. म्हणून हा रिव्ह्यू. दुकानदाराचा नाही, प्रकारांचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोस्ट-फ्रेम बांधकामात भिंतीखाली सलग पाया नसतोच, खांब हाच पाया. आठ-दहा फुटांवर एकेक खड्डा, त्यात साधारण चार फूट खांब पुरायचा, (जिथे जमीन गोठते तिथे त्या गोठणाऱ्या थराच्याही खाली), मग त्यावर आडव्या पट्ट्या, कैच्या (छत पेलणाऱ्या तिकोनी चौकटी), पत्रा. अमेरिकेत १९३० च्या दशकात क्रिओसोट (कोळशाच्या डांबरातून काढलेलं, लाकूड टिकवायचं तेल) पाजलेले गोल डांब वापरून अशी शेतावरची कोठारं बांधायला सुरुवात झाली, त्याचंच हे सुधारलेलं रूप. काम झटपट होतं, खर्च कमी येतो, आतमध्ये मोकळी जागा मिळते, तक्रार काहीच नाही. पण सगळा भार ज्याच्यावर तो खांबच जर चुकला तर मग वर कितीही भारी पत्रा टाका.

खांबाला कामं तीन असतात. छताचं वजन खाली नेणं हे सगळ्यांना दिसतं. वादळात छत वर उचललं जातं तेव्हा त्याला धरून ठेवणं हे कमी लोकांना सुचतं. आणि आडव्या वाऱ्याने इमारत ढकलली जाते तेव्हा मातीत घट्ट रुतून वाकायला नकार देणं, हे तिसरं. आता गंमत अशी की पुरलेल्या खांबाला वाकवणारा जोर सगळ्यात जास्त कुठे येतो, तर जमिनीच्या पातळीशी, नाहीतर तिच्या थोडं खाली. आणि लाकूड सगळ्यात आधी कुजतं कुठे, तर तिथेच! वरचं लाकूड कोरडं असतं, ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असला की बुरशीचं काही चालत नाही. चार फूट खाली ओल भरपूर पण हवा कमी, म्हणून तिथेही कूज सावकाश. पाण्यात पूर्ण बुडालेलं लाकूड शतकानुशतकं टिकतं, व्हेनिस शहर लाकडी डांबांवरच उभं आहे. मधे जमिनीजवळचा जो एक फुटाचा पट्टा आहे तिथे मात्र ओलही आहे, हवाही आहे, ऊबही आहे, म्हणजे बुरशीला पंगतच मांडून दिल्यासारखं, आणि वाळवी आली तर तीही तिथूनच चढते.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, पोस्ट विकत घेताना किती जाड, किती सरळ, किती गुळगुळीत हे नंतर बघा, आधी विचारा की मातीजवळच्या त्या एका फुटात काय आहे. आता एकेक प्रकार.

अखंड चौकोनी पोस्ट. सगळ्यात जुना, सगळीकडे मिळणारा, सगळ्यात स्वस्त. माझी पहिली शेड यावरच. सहा बाय सहा म्हणतात पण मापाला साडेपाच इंच भरतो, हे पहिल्यांदा टेप लावल्यावर फसवल्यासारखं वाटतं, पण तो रंधा मारल्याचा फरक आहे, सगळीकडे तसंच असतं.

यात मुख्य भानगड औषधाची. हे लाकूड मोठ्या टाकीत घालून दाबाने त्यात द्रावण घुसवतात. पण द्रावण बाहेरच्या कोवळ्या लाकडात शिरतं, आतला गाभा ते फारसं पीत नाही. म्हणजे जाड पोस्टला औषधाचं कवच असतं आणि पोट तसंच कोरं राहतं. पाईनच्या काही जातींत बाहेरचं लाकूड जाड असतं म्हणून त्या बऱ्या, डग्लस फरसारख्या झाडाला तर औषध जावं म्हणून बाहेरून मुद्दाम बारीक बारीक चिरा मारतात, त्या बघून लोक माल खराब समजून परत करतात, करू नका.

आता माझी चूक ऐका. पोस्ट आल्या त्या फूटभर लांब होत्या. मी काय केलं, सगळ्या खालून कापल्या. कारण वरचं टोक कारखान्यातून सरळ कापून आलेलं होतं आणि मला वरून एका रेषेत हव्या होत्या. म्हणजे औषध न लागलेलं उघडं पोट थेट ओल्या मातीत, मी माझ्या हाताने बुरशीला दार उघडून दिलं. कापायचंच असेल तर वरून कापा, कारखान्यातलं टोक खाली ठेवा, आणि कुठेही करवत लागली, भोक पाडलं की तिथे कॉपर नॅफ्थेनेटचा, म्हणजे लाकूड टिकवायच्या तांब्याच्या औषधाचा, हात द्या, डबाभर आणून ठेवला की सगळ्या शेडला पुरतो. मला हे कोणी सांगितलं नाही असं म्हणायला जीभ वळवळतेय पण खरं म्हणजे मी विचारलंच नव्हतं.

दुसरी चूक मात्र माझी एकट्याची नाही. ज्याने माल दिला त्याला मी विचारलं होतं की हे जमिनीत पुरायला चालेल का, तर तो म्हणाला "हिरवं दिसतंय ना साहेब, हिरवं म्हणजे ट्रीटेड." सगळं हिरवं सारखं नसतं! पोस्टच्या टोकाला स्टेपल केलेली एक छोटी चिठ्ठी असते, ती वाचायची. अमेरिकन पद्धतीत यूसी म्हणजे यूज क्लास, वापराचा वर्ग: यूसी-३ म्हणजे जमिनीच्या वर वापरायचं, यूसी-४ए म्हणजे साधा मातीशी संपर्क, कुंपणाचे खांब वगैरे, आणि यूसी-४बी म्हणजे ज्याच्यावर इमारत उभी आहे असले खांब. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे हेच एच-४ कुंपणाला आणि एच-५ इमारतीच्या खांबाला असं असतं, युरोपात यूज क्लास ४. आकडा हवा असेल तर जुन्या सीसीए औषधाचं (क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण) प्रमाण साध्या माती-संपर्काला घनफुटाला ०.४० पौंड आणि इमारतीच्या खांबाला ०.६० पौंड, म्हणजे घनमीटरला साधारण ६.४ आणि ९.६ किलो. दीडपट फरक आहे, आणि दोन्ही दिसायला सारखेच हिरवे. कुजलेले खांब बदलताना त्यांपैकी एकाची चिठ्ठी वरच्या टोकाला अजून चिकटलेली सापडली, तिच्यावर साधा ४ए. नऊ वर्षं माझ्या डोक्यावर लटकत होती आणि मी कधी मान वर करून वाचली नाही.

खिळ्यांचंही इथेच सांगून टाकतो. सीसीएमध्ये आर्सेनिक असतं म्हणून अमेरिकेत २००३ अखेर ते घरगुती वापरातून काढून घेतलं, शेतीच्या इमारतींच्या खांबांना अजून चालतं. त्याच्या जागी जी औषधं आली त्यांत तांबं जास्त असतं, आणि तांबं साध्या लोखंडाला आणि पातळ झिंक चढवलेल्या खिळ्यांना खाऊन टाकतं. तेव्हा बोल्ट, खिळे, ब्रॅकेट सगळं हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून काढलेलं, घ्या नाहीतर स्टेनलेस, आणि दोन्हीची खिचडी करू नका, स्टेनलेस ब्रॅकेटला झिंकचे खिळे मारले की झिंक आधी जातं.

आणि पीळ. अखंड पोस्ट ओल्या येतात, उभ्या केल्यावर सुकतात आणि सुकताना फिरतात. माझ्या पहिल्या शेडची एक कोपऱ्यातली पोस्ट पहिल्याच उन्हाळ्यात एवढी फिरली की पत्र्याचे स्क्रू ओढून निघाले. ट्रीटमेंटनंतर भट्टीत सुकवलेल्या मिळतात, त्या घ्या, जरा महाग पडतात. उभ्या चिरा पडतात त्याला मात्र घाबरू नका, त्यातल्या बहुतेक दिसायलाच वाईट असतात, फक्त चीर आरपार जात असेल किंवा जमिनीच्या रेषेतून खाली उतरत असेल आणि त्यात पाणी साचत असेल तर लक्ष द्या.

माझे मार्क ५ पैकी २.५. लाकूडच घ्यायचं तर चिठ्ठी ४बी, टोक न कापलेलं, सुकवलेलं. यातला एकही भाग सुटला तर मार्क १.

गोल डांबांचा उल्लेख करायचा राहिला. गोल डांबाला सगळीकडून कोवळ्या लाकडाचं कडं असतं त्यामुळे औषध छान बसतं, खरं तर टिकायला चौकोनीपेक्षा बरे. पण त्यावर सरळ भिंत बांधून दाखवा. आमच्या मिस्त्रीने नुसतं ऐकूनच हात जोडले.

लॅमिनेटेड पोस्ट. दोन इंची फळ्या, मापाला दीड इंच भरणाऱ्या, तीन किंवा चार एकावर एक ठेवून खिळे, स्क्रू नाहीतर डिंकाने जोडलेल्या. पहिल्यांदा बघितल्यावर मला वाटलं उरलेल्या फळ्यांचा जुगाड आहे. अखंड लाकूड ते अखंड लाकूड, हे काय सँडविच! पण विचार केला तर उलटं आहे. दीड इंची फळीत औषध जवळजवळ आरपार जातं, म्हणजे इथे कोरं पोट राहातच नाही. गाठ असली तर एका फळीत असते, बाकीच्या दोन तिला सांभाळून घेतात. सुकवलेल्या फळ्या असल्याने पीळही फार कमी. आणि चांगल्या पोस्टमध्ये खालच्या सहा-सात फुटांनाच ट्रीटेड फळ्या असतात, वर साधं कोरडं मजबूत लाकूड, दोन्हीचे सांधे प्रत्येक फळीत वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे पैसे जिथे पाहिजेत तिथेच खर्च झालेत. दुसऱ्या शेडला मी याच लावल्या. सरळ इतक्या की ओळंबा सोडल्यावर मिस्त्री म्हणाला "दोरीला काम नाही."

पण एक खाचखळगा आहे आणि तो विकणारे सांगत नाहीत. खिळ्यांनी जोडलेली पोस्ट दोन्ही दिशांना सारखी ताकदवान नसते. वहीची पानं कशी, वही उभ्या कडेवर धरली तर वाकत नाही आणि आडवी धरली की पानं एकमेकांवरून सरकून लगेच लवते, तसंच. वारा भिंतीवर ज्या दिशेने येतो त्या दिशेला फळ्यांच्या कडा यायला पाहिजेत, रुंद बाजू नाही. आमच्या शेडची एक कोपऱ्याची पोस्ट मजुरांनी फिरवून बसवली होती, खड्डा भरायच्या आधी दिसली म्हणून बरं. कोपऱ्यात दोन्ही दिशांनी वारा घेणारी पोस्ट असते तिथे डिंकाने दाबून चिकटवलेली, म्हणजे ग्लूलॅम, घेतली तर ही काळजी उरत नाही, ती पूर्ण एकजीव असते. ग्लूलॅम अर्थातच महाग आणि सगळीकडे मिळत नाही.

आणि घरी फळ्या आणून स्वतः खिळे मारून पोस्ट बनवणारे वीर आहेत, मेव्हण्याचाही तोच बेत होता. बनवता येते, पण किती खिळे, किती अंतरावर, सांधा कुठे, याचं गणित इंजिनियरकडून घ्या, अंदाजपंचे दाहोदरसे चालणार नाही. सांधा जमिनीच्या पातळीजवळ आला तर संपलंच.

मार्क ५ पैकी ४.५. अर्धा कापला तो फळ्यांच्या मधल्या फटीत पावसाचं पाणी उतरतं म्हणून, वरचं टोक छताखाली कोरडं राहील एवढं बघायचं.

कॉंक्रीटचा पाय, वर लाकूड. कारखान्यात ओतलेला पाच फुटी कॉंक्रीटचा खांब, आत सळई, वरच्या टोकाला लोखंडी यू-आकाराची पकड, तिच्यात लॅमिनेटेड पोस्ट बसवून बोल्ट मारायचे. यात लाकूड मातीला शिवतच नाही, कुजायचा प्रश्नच मुळात संपला. पर्मा-कॉलम हे यातलं जुनं नाव, त्यांचं कॉंक्रीट १०,००० पीएसआयचं (चौरस इंचाला पौंड) असतं, म्हणजे सुमारे ६९ मेगापास्कल, साध्या पायाच्या कॉंक्रीटच्या तिपटीपेक्षा जास्त. मेव्हण्याच्या गोठ्याला आम्ही अशाच घेतल्या, दुसऱ्या एका कारखान्याच्या, कारण तिथे जमीन कायम ओली, आणि गोठा म्हटल्यावर मूत्र, शेण, धुण्याचं पाणी, सगळं खांबाच्या बुडाशीच.

जड मात्र भयंकर. सहा इंची चौकोनी पाच फुटांचा तुकडा हिशोबाने पंच्याऐंशीएक किलो भरतो, आणि धरायला कुठे जागा नाही. पहिला नग दोघांनी उचलून खड्ड्यात सोडताना माझी बोटं पकडीत अडकणार होती, त्यानंतर ट्रॅक्टरचा लोडर आणला. आणि गोठ्यात अमोनिया असतो, तो लोखंडी पकडीला खातो, साध्या रंगावर जाऊ नका, चांगलं जाड गॅल्व्हनायझिंग असलेलीच घ्या आणि ती पकड धुण्याच्या पाण्याच्या शिंतोड्यांपेक्षा वर राहील एवढी उंची ठेवा. सांधा हा शेवटी सांधा आहे, अखंड लाकडाइतका तो ताठ असेलच असं नाही, त्यामुळे कारखान्याने चाचणी करून दिलेला वाकण्याच्या ताकदीचा आकडा मागायचा. आम्ही मागितला तर समोरच्याने रंगीत कॅटलॉग दिला. परत मागितला तेव्हा कागद आला.

मार्क ५ पैकी ४.५, ओल्या जमिनीला आणि जनावरांना पूर्ण ५. कोरड्या उंच जागेवर साध्या सामानाच्या शेडला एवढं करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

ब्रॅकेटवर उभी पोस्ट. खड्ड्यात कॉंक्रीटचा गोल पिलर ओतायचा, त्यात लोखंडी ब्रॅकेट, वर पोस्ट. दिसायला सगळ्यात सुबक, बदलायला सोपी, चार बोल्ट काढले की पोस्ट हातात. याच्याच प्रेमात लोक पडतात आणि इथेच सगळ्यात मोठा घोटाळा होतो. पुरलेली पोस्ट मातीत रुतून आडव्या वाऱ्याला विरोध करते असं वर म्हटलं ना, साध्या ब्रॅकेटवरची पोस्ट तसं काही करत नाही. तिचा तो सांधा बिजागरीसारखा असतो. खाली बिजागरी, वर कैचीशी बिजागरी, म्हणजे पत्त्याचा बंगला. अशी शेड उभी राहते ती छत आणि भिंतींचा पत्रा कडक पेटीसारखा काम करतो म्हणून, नाहीतर तिरके आधार दिले म्हणून. तीन बाजू उघडी शेड आणि सगळ्या पोस्ट ब्रॅकेटवर, असं कुठे बघितलं की मी आत गाडी लावत नाही.

कॉंक्रीट ओलं असतानाच सळईसकट रोवायचे ब्रॅकेट जास्त भरवशाचे, नंतर भोक पाडून बोल्ट मारायचे असतील तर पिलरच्या कडेला फार जवळ गेलात की कॉंक्रीटचा कोपरा फुटतो. आणि पोस्टचं बूड कॉंक्रीटला टेकता कामा नये, मधे इंचभर उंचवटा असलेला ब्रॅकेट घ्या, नाहीतर तिथे ओल धरून परत तेच रामायण. मार्क द्यायचे तर इंजिनियरने बघितलेल्या बंद शेडला ४, मनाने बांधलेल्या उघड्या शेडला शून्य.

प्लॅस्टिकच्या बाह्या, म्हणजे पोस्टच्या बुडाला चढवायच्या पिशव्या किंवा गरम करून आवळायचं वेष्टण, यावर मला बऱ्याच जणांनी विचारलं. कल्पना चांगली. पण बाही जमिनीच्या चार बोटं वर संपली पाहिजे, आणि पोस्ट आधीच ओली असेल किंवा वरून पाणी आत गेलं तर तेच पाणी आत कोंडून राहतं, मग रोगापेक्षा औषध भयंकर. ट्रीटमेंट चांगली असलेल्या सुक्या पोस्टला वरून बाही चढवली तर जास्तीचं संरक्षण मिळेल, कच्च्या पोस्टला बाही चढवून पक्की होत नाही.

आता खड्ड्याबद्दल बोललं नाही तर सगळंच फुकट, कारण माझा तो दाराजवळचा खांब कुजला होता हे खरं, पण इतका खाली का बसला? बूड उकरून काढलं तेव्हा कळलं, त्याच्याखाली काही नव्हतंच. नुसती माती. त्या वेळी ज्याने खड्डे घेतले त्याने "खाली दगड लागला" असं सांगून तीन खड्ड्यांत पॅड, म्हणजे खांबाच्या बुडाखालची कॉंक्रीटची रुंद बैठक, टाकलाच नव्हता, दगड म्हणजे फुटबॉलएवढा एक गोटा निघाला. हिशोब करून बघा. बऱ्यापैकी माती चौरस फुटाला २,००० पौंड, म्हणजे नऊशेएक किलो पेलते असं धरू. साडेपाच इंची पोस्टचं बूड फक्त ०.२१ चौरस फूट, म्हणजे ती माती १९० किलोच पेलणार. त्याच खड्ड्यात दोन फूट व्यासाचा कॉंक्रीटचा पॅड टाकला तर ३.१४ चौरस फूट, म्हणजे २,८०० किलो. पंधरापट! आणि एका पोस्टवर छताचा भार दोन-अडीच टन सहज येतो. त्यामुळे पोस्टवर कितीही पैसे घातले आणि खाली पॅड नसला तर ती सुईसारखी आत जाणार.

उलट बाजूला, वाऱ्याने वर ओढली जाऊ नये म्हणून पोस्टच्या बुडाशी कॉंक्रीटची कॉलर, फूटभर उंचीची, आणि त्यात पोस्टमधून आरपार घातलेली सळई किंवा दोन्ही बाजूंना ट्रीटेड ठोकळे. नुसतं कॉंक्रीट ओतलं तर लाकूड सुकून आक्रसतं आणि बाटलीतल्या बुचासारखं सुटतं. कॉंक्रीटने लाकूड कुजतं असं जे म्हणतात ते अर्धंच खरं, कॉलर खाली बुडाशी असेल तर काही होत नाही, पण कॉंक्रीट जमिनीच्या वरपर्यंत आणून त्याला वाटीसारखा खोलगटपणा ठेवलात तर त्या वाटीत पाणी साचणार. वर आणायचंच तर बाहेरच्या बाजूला उतार द्या. बाकी खड्डा मातीने भरताना सहा-सहा इंचांचा थर टाकून धुमस मारायची, सगळी माती एकदम लोटून वरून नाचायचं नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि तुम्ही तिथे उभे नसाल तर कोणी करत नाही, मी खुर्ची टाकून बसलो होतो.

जुनी शेड पाडली नाही. कैचीला खालून जॅक लावून भार उचलला, खांब जमिनीच्या दीड-दोन फूट वर, टणक लाकूड लागलं तिथे कापला, कुजलेलं बूड उकरून काढलं, नवीन पॅड ओतला, तो घट्ट झाल्यावर त्यावर कॉंक्रीटचा पाय उभा करून वरच्या जुन्या खांबाला पकडीत बोल्ट मारले. एका खांबाला हाताखाली माणूस असेल तर दीड दिवस, पॅड सुकायला लागतो तो वेळ वेगळा. सगळे नाही बदलले. प्रत्येक खांबाच्या चारही बाजूंना वीतभर खणून टोचून बघितलं, ज्यांत स्क्रूड्रायव्हर पाव इंचाच्या वर गेला नाही ते ठेवलेत, आणि दर वर्षी पावसाळा संपला की टोचायचं असं ठरवलंय. शेडच्या बाजूच्या भागातला एक खांब संशयास्पद आहे, त्याच्यावर खडूने फुली मारून ठेवलीय.

आजच्या घडीला मला कोणी विचारलं की नवीन शेड टाकतोय काय घेऊ, तर मी आधी जागा बघीन. पाणी वाहून जातं, जमीन कोरडी, सामानाची शेड, तर खाली ट्रीटेड असलेल्या लॅमिनेटेड पोस्ट, डोळे झाकून. पाणी साठतं किंवा जनावरं आहेत तर कॉंक्रीटचा पाय. पैसे अगदीच कमी असतील तर अखंड पोस्ट घ्या पण चिठ्ठी वाचून, आणि वाचलेल्या पैशातून पत्रा भारी घेऊ नका, पॅड मोठा टाका.

उकरून काढलेल्या बुडांचं एक सांगायचं राहिलं. मेव्हण्याने ती उन्हात वाळत टाकली होती, म्हटलं कशाला, तर "पाणी तापवायला होतील ना दाजी." ट्रीटेड लाकूड कधीच जाळायचं नसतं, सीसीएचं तर नाहीच, आर्सेनिक धुरात जातं आणि राखेत राहतं, आणि हा ती राख परसातल्या वाफ्यात टाकणार होता. सगळी गोळा करून विल्हेवाटीला पाठवली. एक तेवढं ठेवलंय, दाराशेजारी, उभं चिरलेलं. बाहेरून अर्धा इंच हिरवं घट्ट कवच आणि आत हाताने चुरता येईल असा भुगा. पोस्ट घ्यायला निघालेलं कोणी आलं की आधी ते दाखवतो, मग चहा.